पातं उघडं राहतं कसं, ते आधी बघा

वाचकांचे प्रश्न, अवजारांच्या दुकानातून उत्तरं. या महिन्यात: खिशातले घडीचे चाकू

हिवाळा लागला की वरूडकडच्या माझ्या दुकानात विळे, पावश्या आणि कुऱ्हाडी धारेला येतात. आता त्यांच्या जोडीला घडीचे चाकूही येऊ लागलेत. पुण्या-मुंबईला नोकरीवर असलेली पोरं गावाकडे येताना घेऊन येतात, नाहीतर फोनवरून मागवलेले असतात. या वेळी पत्रंही बहुतेक याच विषयाची आली, म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्याचे आणि फवारणी पंपाच्या वॉशरचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची उत्तरं कुठून येतात ते कळेल. पातं किती झटकन उघडतं यावर लोक पैसे मोजतात. माझ्याकडे बोटाला चिंधी बांधून जे येतात त्यांचं बोट सहसा उघडताना कापलेलं नसतं. काम करता करता पातं मिटलेलं असतं, किंवा मिटवताना बोट मध्ये राहिलेलं असतं. म्हणून चाकू हातात आला की मी आधी त्याचा लॉक बघतो, म्हणजे उघडं पातं मिटू न देणारी अडण; मग पोलाद, मग पातं ज्यावर फिरतं तो बिजागरीचा खिळा. उघडण्याची तऱ्हा सगळ्यात शेवटी.

प्रश्न: भाऊ, माह्या पोरानं पुण्यावरून एक चाकू आणला. पात्याच्या बुडाशी एक कान हाय, तो बोटानं जरासा दाबला का पातं खटकन् बाहेर येते. गावातले लोक म्हणतात हा खटक्याचा चाकू हाय, पोलीस धरतीन. पोरगा म्हणते, हा वेगळा असते. खरं काय? अन् वावरात कामाचा हाय काय?
— संत्रा बागायतदार, मोर्शी तालुका

दादा, पोरगा बरोबर सांगतो. बटनाच्या चाकूत स्प्रिंग पात्याला सतत बाहेर ढकलत असते आणि मुठीतलं बटन तिला अडवून धरतं. बटन दाबलं की अडसर निघतो आणि पातं पूर्ण बाहेर येतं; तुमचं बोट पात्याला लागतही नाही. तुमच्या पोराच्या चाकूला बटन नाही. तो कान म्हणजे पात्याचाच मागे निघालेला भाग, त्याला फ्लिपर म्हणतात. काही चाकूंना फ्लिपरच्या जागी पात्याच्या अंगावर छोटी गुंडी असते, ती अंगठ्यानं ढकलायची. दोन्हींत सुरुवातीचा ढकल तुमच्या बोटाचा आणि उरलेला रस्ता स्प्रिंगचा. जाहिरातीत याला असिस्टेड ओपनिंग म्हणतात. आमच्या दुकानात आम्ही याला अर्धा खटका म्हणतो, आणि या सदरातही तेच म्हणणार आहे.

आत काय चालतं ते कळायला मोटारसायकलचं साइड स्टँड बघा. पायानं खाली ढकलताना आधी स्प्रिंग विरोध करते, स्टँडला वरच ओढून धरते. मधली रेघ ओलांडली की तीच स्प्रिंग उलटी कामाला लागते आणि स्टँड आपोआप खाली जाऊन टेकतं. चांगल्या अर्ध्या खटक्यात हेच होतं. मुठीच्या आत बाजूला एक बारीक पोलादी सळई असते. तिचं एक टोक मुठीत अडकवलेलं, दुसरं पात्याच्या बुडातल्या खाचेत. पातं मिटलेलं असताना सळई त्याला आतच दाबून ठेवते. बोटानं थोडं पुढे नेलं की जोराची दिशा पालटते आणि ती पिळलेली सळई पातं बाहेर फेकते. ही रचना १९९० च्या दशकात अमेरिकेत रुळली. तिथले ब्लॅकी कॉलिन्स आणि हवाईचे केन ओनियन हे चाकू घडवणारे या कामातले मोठे लोक. ओनियन यांची सळईची रचना केरशॉ कंपनीनं स्पीडसेफ या नावानं विकायला आणली.

दुसऱ्या जातीत सळईऐवजी खिळ्याभोवती गुंडाळलेली स्प्रिंग असते. यातल्या काही चाकूंत पातं मिटलेलं ठेवायचं काम एका वेगळ्या बारीक गोळीवर सोपवलेलं असतं. लॉकच्या पट्टीत बसवलेली ती गोळी पात्याच्या छोट्या खळग्यात बसते. नवा असताना दोन्ही जातींत फरक कळत नाही. गोळी किंवा तिचा खळगा घासला की मात्र गुंडाळ्या स्प्रिंगचा चाकू खिशात थोडा उघडू शकतो, आणि एकदा थोडा उघडला की बाकीचं स्प्रिंग करते. पँटच्या खिशात, मांडीला लागून, असं पातं उघडलं तर काय होईल ते तुम्हीच बघा. म्हणून पोराला एवढं करून बघायला सांगा: चाकू मिटलेला धरून, पातं बाहेर निघतं ती फट जमिनीकडे करून जोरानं झटकायचा. पातं केसभरही बाहेर आलं तर तो खिशात ठेवायचा नाही.

वावरातल्या कामाचं म्हणाल तर एक हात खरंच गुंतलेला असतो तेव्हाच याचा उपयोग. तोडणीच्या शिडीवर एका हातानं फांदी धरली आहे, किंवा बैलाच्या पायात कासरा गुरफटला आहे आणि दुसऱ्या हातानं बैलाला आवरायचं आहे, अशा वेळी एका हातानं उघडणारा चाकू पाहिजेच. पण एका हातानं उघडायला स्प्रिंग लागतेच असं नाही. अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीनं १९८१ मध्ये पात्याला एक गोल भोक पाडून तेच काम साधलं: अंगठा भोकात टेकवायचा आणि पातं ढकलायचं. त्यात मोडायला काही नाही, आणि मातीनं भरलं तर फुंकर मारून साफ होतं. माझ्या ओळखीतल्या बागायतदाराला मी आधी भोकाचा किंवा गुंडीचा साधा चाकू सुचवतो. अंगठ्यात जोर कमी असेल, सांध्यांचं दुखणं असेल, किंवा हातमोजे घालून फवारणी-छाटणीचं काम असेल, तर मात्र अर्धा खटका खरोखर कामाला येतो. अशा माणसानं तो संकोच न करता घ्यावा.

आणि दादा, मिटवायचं पोराला नीट शिकवा. उघडताना स्प्रिंगनं जो जोर दिला तो मिटवताना तुम्हाला परत भरावा लागतो. मध्येच हात ढिला पडला तर पातं उलटं उसळून उघडतं. लॉकची पट्टी अंगठ्यानं बाजूला केली की तो अंगठा पात्याच्या वाटेतच असतो. पातं थोडं आत आणायचं, अंगठा काढायचा, आणि मग पाठीवर तळहात ठेवून पुरतं मिटवायचं. मांडीवर टेकवून मिटवायची सवय असेल तर ती आजच सोडवा.

प्रश्न: मी ब्रह्मपुरी भागात धानाची शेती करतो. फोनवर तीन असिस्टेड चाकू बघून ठेवले आहेत. एक साडेपाचशेचा, एक अडीच हजारांचा, एक आठ हजारांचा. दिसायला तिन्ही सारखे, तिन्हींवर स्टेनलेस स्टील लिहिलंय. चौदा-पंधरापट किमतीत नेमका काय फरक असतो?
— तरुण शेतकरी, चंद्रपूर जिल्हा

फरक असतो, आणि तो फोटोत दिसत नाही. तुमच्या पत्रात तिन्हींच्या पोलादाचं नाव नाही. मला वाटतं विकणाऱ्यानंच लिहिलेलं नसावं, आणि तिथेच पहिली चाळणी लागते.

नुसतं स्टेनलेस म्हणजे गंज कमी धरतं, एवढंच. पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. धार किती टिकेल ते मुख्यतः कार्बनवर आणि त्याला पाणी कसं दिलं आहे, म्हणजे तापवून-विझवून कसं कडक केलं आहे, त्यावर ठरतं. स्वस्त चाकूंत ३सीआर१३ नावाचं पोलाद बरंच येतं. त्यात कार्बन साधारण ०.३ टक्के. गंजत नाही, पण सुतळीची थोडी बंडलं कापली की बोथट. ८सीआर१३एमओव्ही या चिनी पोलादात कार्बन ०.८ टक्क्यांच्या आसपास आणि क्रोमियम १३ टक्के. नीट पाणी दिलेलं असेल तर शेतकऱ्याच्या रोजच्या कामाला हे पुरतं आणि साध्या दगडावर धार घेतं. स्वीडनचं १४सी२८एन त्याच्या वरचं. गंजाला चांगलं तोंड देतं आणि बारीक धार धरतं. डी२ मध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असल्यामुळे धार फार टिकते, पण ते पुरतं स्टेनलेस नाही. लिंबू-संत्र्याच्या रसाचा हात लागून पातं तसंच मिटवून ठेवलं तर डाग पडतो, आणि तुमच्याकडच्या धानाच्या बांधीत पावसाळाभर वापरलं तर गंजही धरेल. ओल्या कामाला डी२ घेऊ नका. पात्यावर नुसतं ४४० कोरलेलं असेल आणि पुढे ए, बी किंवा सी हे अक्षर नसेल, तर मी त्याला कमी कार्बनचंच समजतो. सर्जिकल स्टील या शब्दाला काहीच अर्थ नाही. डॉक्टरच्या नावानं विकायची ती रीत आहे.

आता लॉक. बहुतेक अर्ध्या खटक्यांत लायनर लॉक असतो: पातं उघडलं की मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडाला टेकते आणि त्याला मिटू देत नाही. फ्रेम लॉकमध्ये पट्टीऐवजी मुठीचीच एक बाजू सरकते, त्यामुळे टेकू जाड मिळतो. चाकू उघडून वरून उजेडात धरा. नव्या चाकूत पट्टीनं बुडाच्या रुंदीचा पाव ते निम्मा भाग व्यापलेला असावा. नुसतं टोक टेकत असेल तर ती सुटणार. पार पलीकडच्या कडेला जाऊन भिडली असेल तर घासायला जागाच उरलेली नाही. मग पात्याची पाठ लाकडी फळीवर ठेवून हातानं दाब द्या, चारही बोटं पात्याच्या वाटेतून बाहेर ठेवून. लॉक सुटला तर चाकू परत पाठवा. हातोडीनं किंवा आपटून परीक्षा करू नका, त्यानं चांगला लॉकही बिघडतो.

अर्ध्या खटक्यात आणखी एक जागा बघायची असते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. साध्या चाकूत पातं तुमच्या अंगठ्याच्या वेगानं उघडतं. इथे स्प्रिंग त्याला प्रत्येक वेळी आदळवते. तो आघात मुठीतली एक आडवी पिन झेलते, आणि तिच्या जोडीला बिजागरीचा खिळा. मऊ लोखंडाची पिन हळूहळू चेपते. मग पातं आधीपेक्षा थोडं जास्त मागे जातं, लॉकची पट्टी आधीच्या जागी बसत नाही, आणि चाकू वरखाली हलायला लागतो. पातं डावी-उजवीकडे हलत असेल तर खिळ्याचा स्क्रू कसला की भागतं. वरखाली हलत असेल तर ते स्क्रूनं दुरुस्त होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या स्वस्त अर्ध्या खटक्यांचा शेवट बहुतेक याच पिनेवर झालेला असतो. त्याच किमतीत साधा, बिनस्प्रिंगचा घडीचा चाकू घेतला असता तर जास्त वर्षं चालला असता.

वरच्या किमतीत काय मिळतं ते तीन नावांवरून सांगतो. केरशॉचा लीक: पातं ३ इंचांचं, हल्ली १४सी२८एन पोलादाचं, फ्रेम लॉक, आत सळई. एसओजीचा फ्लॅश टू: पातं साडेतीन इंच, एयूएस-८ पोलाद, गुंडाळलेली स्प्रिंग. बेंचमेडचा बॅरेज: पातं ३.६ इंच, १५४सीएम पोलाद, आणि लॉक म्हणजे मुठीत आरपार गेलेली आडवी दांडी, जी दोन्ही बाजूंनी मागे ओढता येते. तिन्हींच्या स्प्रिंगा वेगळ्या, लॉक वेगळे, पोलाद वेगळं; पण पातं खिशात उघडू नये म्हणून सरकवायची एक वेगळी कडी तिन्हींना दिलेली आहे. हे काम कितीतरी वर्षं करणाऱ्या कंपन्यांनाही स्प्रिंगवर पूर्ण भरवसा ठेवावासा वाटला नाही, तर साडेपाचशेच्या चाकूत अशी कडी नसताना तुम्ही तो कमरेला का लावावा?

माझं उत्तर असं: साडेपाचशेचा अजिबात घेऊ नका. अडीच हजारांच्या चाकूचं पोलाद नावानिशी लिहिलेलं असेल आणि परत पाठवायची सोय असेल तर तो घ्या, वर सांगितलेलं बघा, पटलं नाही तर परत करा. आठ हजारांत काही पैसे आयात शुल्काचे आणि नावाचे असतात. धानाच्या शेतात तेवढं धान्य पिकवायला किती राबावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे. आणि अर्ध्या खटक्याचा हट्ट नसेल तर फ्रान्सचा ओपिनेल बघा. १८९० पासून बनतो. लाकडी मूठ, आणि १९५५ पासून तिच्या गळ्याशी फिरवायचं एक कडं असतं. पातं उघडून कडं फिरवलं की ते मिटत नाही. उघडायला दोन हात लागतात खरे. पण पट्टी घासायची नाही, पिन चेपायची नाही, आणि स्टेनलेसचा घेतला तर बांधीतल्या पाण्याचीही काळजी नाही. फक्त ओली मूठ फुगते आणि पातं जाम होतं, तेव्हा काम झालं की तो उघडाच सावलीत वाळू द्यायचा.

घरी आल्यावर पोलाद पारखायचं असेल तर वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापा. मग फळीवर तागाची जाड सुतळी कापत राहा आणि मधूनमधून कागद कापून बघा. कागद फाटायला लागला की थांबा. शेजाऱ्याच्या चाकूवर तेच करा. कोणाचं पातं जास्त सुतळी खातं ते दिसेल.

प्रश्न: आमची शेंदूरजना घाटला संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. डोळे भरायला माणसं कमी आणि काम फार. अर्ध्या खटक्यासारखा झटकन उघडणारा चाकू दिला तर कामाचा वेग वाढेल का?
— नर्सरीचालक ताई, वरूड तालुका

नाही, ताई. डोळे भरणारा, म्हणजे फांदीवरचा डोळा काढून खुंटाच्या सालीत बसवणारा माणूस सकाळी चाकू उघडतो तो जेवायच्या सुट्टीला मिटवतो. वेग उघडण्यात नाही, पात्याच्या घडणीत आहे. जंबेरी लिंबाच्या खुंटावर वीतभर उंचीला टीच्या आकाराची चीर पाडायची, ती फक्त सालीपुरती. आतल्या लाकडात पातं घुसलं तर डोळा धरत नाही. याला पातळ, सरळ आणि एकाच बाजूनं घासलेलं पातं लागतं. दोन्ही बाजूंनी घासलेलं पातं फांदीवरून डोळा काढताना सपाट चालत नाही, आत-बाहेर होतं. शिवाय कलमाच्या चाकूला साल उचलायची बोथट पट्टी असते. खिशातल्या कुठल्याही अर्ध्या खटक्याला ती नसते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. एका झाडाचा रोग दुसऱ्या झाडाला पातं पोचवतं. संत्रावर्गातला एक्सोकॉर्टिस हा व्हायरॉइड (विषाणूहूनही बारीक रोगजंतू) तर असा चिवट की स्पिरिटनं पुसून किंवा ज्योतीवर पातं धरून तो जाईल असं धरता येत नाही. त्याला सोडियम हायपोक्लोराइटचं सौम्य द्रावण लागतं आणि मातृवृक्ष, म्हणजे डोळे घ्यायचं झाड, बदललं की पातं त्यात बुडवावं लागतं. हे द्रावण पोलादाला खातं. घडीच्या चाकूच्या बिजागरीत ते शिरलं की बाहेर निघत नाही. स्प्रिंगच्या चाकूत तर सळई, गोळी, खिळा, सगळं आतून गंजतं आणि वरून काही दिसत नाही. म्हणून न मिटणाऱ्या, सरळ मुठीच्या पात्याचे चाकू घ्या. प्रत्येक माणसाला दोन द्या: एक द्रावणात, एक हातात. बदलताना साध्या पाण्यात खळखळून पुसायचा. संध्याकाळी धुऊन, पुसून, मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचं.

आणि एक विनंती. कलमाचे चाकू सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याला देऊ नका. कोरड्या कुरुंदाच्या चाकावर पातळ पातं क्षणात तापतं. काठावर निळा डाग दिसला की तिथलं पाणी उतरलं, आणि तेवढा भाग घासून काढेपर्यंत तिथे धार टिकणार नाही. हजार नंबरचा पाण्याचा दगड घ्या. घासलेली बाजू दगडावर तिच्याच उतारानं चालवायची, मागची सपाट बाजू फक्त आडवी ठेवून कंगोरा, म्हणजे धारेवर वळलेली बारीक कड, काढायचा. तुमच्याकडच्या एखाद्या पोरीला शिकायचं असेल तर दुकानावर पाठवा, मी शिकवतो. त्याचे पैसे नाहीत.

प्रश्न: माझा असिस्टेड चाकू वर्षभर छान चालला. आता पातं अर्ध्यावर येऊन थांबतं, पुढचं हातानं ओढावं लागतं. स्प्रिंग गेली का? बदलून मिळेल का?
— जिनिंगमधला फिटर, यवतमाळ जिल्हा

जिनिंगमध्ये काम करता म्हणजे आधी रुईचा संशय घ्या. सरकीवरची बारीक तूस खिळ्याजवळ साचते, तेल दिलेलं असलं तर त्यात माखून तिचा गोळा होतो. आपल्या काळ्या मातीची धूळही तशीच. चाकू उघडा करून कोमट पाण्यात साबण घालून बुडवा, जुन्या टूथब्रशनं खिळ्याच्या दोन्ही बाजू घासा, हवेच्या नळीनं आत फुंका, पूर्ण वाळवा. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि वरचं पुसून टाका. ग्रीस कधीच नाही. एवढ्यानं चालला तर स्प्रिंग ठीक होती.

नाही चालला तर खिळ्याचा स्क्रू बघा. कुणी जास्त कसला असेल तर पातं दबून अडतं. पाव फेरा सैल करून बघा. याला सहा पाकळ्यांचे टॉर्क्स पाने लागतात, टी६ आणि टी८ बहुतेकांना चालतात. साध्या पेचकसानं प्रयत्न केला की स्क्रूचं तोंड जातं आणि मग मला ते ड्रिलनं काढावं लागतं.

एवढं करूनही अर्ध्यावरच थांबत असेल तर सळई थकली किंवा तुटली. मोठ्या कंपन्यांची सळई सुटी मिळू शकते. बिननावाच्या चाकूची मिळत नाही, आणि कुणी तारेचा तुकडा वाकवून बसवून देतो म्हणाला तर बसवून घेऊ नका. तिची जागा केसभर चुकली तरी पातं मिटलेलं धरून ठेवायचं काम ती करणार नाही. त्यापेक्षा सळई काढून टाका. मिटलेलं धरायला लॉकच्या पट्टीत गोळी असेल तर तोच चाकू साधा घडीचा म्हणून पुढे चालतो. गोळी नसेल तर पातं खिशात लोंबेल, मग तो हत्यारांच्या पेटीतच ठेवा. तुम्ही फिटर आहात, चाकू खोलायला हरकत नाही. पण खोलताना फोनवर फोटो काढत चला, आणि सळई निसटताना डोळ्याकडे उडते, तेव्हा चष्मा घाला.

प्रश्न: असा चाकू जवळ ठेवणं कायद्यानं चालतं का? मी अमरावतीला शिकतो, दर शनिवारी एसटीनं गावी येतो.
— विद्यार्थी, अचलपूर तालुका

मी वकील नाही, पण एवढं पक्कं सांगू शकतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात फक्त घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रात धरलेल्या नाहीत. नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि तिथेही घर, शेती, विज्ञान, उद्योग यांच्या वस्तू वगळल्या आहेत. तुझं तीन-साडेतीन इंचांचं पातं त्या मापाच्या फार आत येतं. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणूक किंवा तणावाच्या वेळी बंदी आदेश निघतात. तेव्हा चाकू, काठी, काहीही घेऊन सार्वजनिक जागी फिरण्यावर बंदी असू शकते, आणि आदेश मोडला तर शिक्षेचं कलम १३५ लागतं. दिल्लीत बटनाच्या चाकूंवर वेगळी अधिसूचना आहे आणि तिथलं माप बरंच लहान आहे.

अर्ध्या खटक्याबद्दल देशोदेशी एकमत नाही. अमेरिकेचा बटनाच्या चाकूंचा कायदा १९५८ चा. २००९ मध्ये तिथे दुरुस्ती करून, ज्या पात्याचा झुकाव मिटण्याकडे आहे आणि जे उघडायला हातानं जोर लावावा लागतो, ते चाकू त्यातून वगळले. ब्रिटननं उलट केलं. २०१९ च्या कायद्यानं व्याख्या वाढवली आणि अर्धवट उघडून पुढे आपोआप जाणारा चाकूही बंदीत आणला. कायदे करणाऱ्यांत एवढा फरक, तर बसस्टँडवरच्या हवालदाराला तू सळई आणि झुकाव कसा समजावणार? त्याला खटकन् उघडणारं काळं पातं दिसेल. म्हणून पोरा, एसटीत अर्धा खटका नेऊ नकोस. तो वावरातल्या कामाचा, वावरातच ठेव. कॉलेजात कुठलाच चाकू नेऊ नकोस. घरून येताना संत्री सोलायला तुला चाकू लागत नाही.

प्रश्न: मी डावखुरी आहे. दुकानदार म्हणतो सगळे चाकू सारखेच असतात. मला लायनर लॉक मिटवताना नेहमी भीती वाटते.
— गृहिणी, आर्वी

भीती खरी आहे, ताई. दुकानदाराचं चूक आहे. बहुतेक लायनर आणि फ्रेम लॉकची पट्टी उजव्या अंगठ्यानं ढकलायच्या बाजूला असते. डाव्या हातात तीच पट्टी बोटांखाली येते. मिटवायला बोट आत वाकवावं लागतं, आणि जोरानं पकडलं तर ती नकळत दाबलीही जाते. तुम्ही पाठीवर लॉक असलेला चाकू घ्या. त्याची कळ मुठीच्या पाठीवर मधोमध असते, दोन्ही हातांना सारखी. आडव्या दांडीचा लॉकही चालेल. अर्धा खटका घ्यायचा असेल तर गुंडी पात्याच्या दोन्ही अंगांना आहे का आणि खिशाला लावायची क्लिप बाजू बदलून बसवता येते का, ते बघा. दुकानातच डाव्या हातानं चार वेळा उघडून मिटवून बघा. दुकानदारानं घाई केली तर तिथून घेऊ नका.